बादलीतला पाणकावळा

"मेला का?" दारातूनच प्राणिशास्त्राच्या जयंतीबाईंनी विचारलं.

"मरतोय, मॅडम," शिपाई धोंडिराम म्हणाला आणि बादलीत कोपरापर्यंत बुडालेले हात त्याने तसेच दाबून धरले.

चौऱ्याऐंशी साली बोरिवलीच्या त्या कॉलेजात क्लोरोफॉर्म संपलं की प्रॅक्टिकलची कबुतरं शिपाई बादलीत बुडवून मारत. कबुतर बिचारं दोन गटांगळ्यांत गार व्हायचं. आज मात्र गोराईच्या एका कोळ्याने जाळ्यात अडकलेला काळा पक्षी आणून दिला होता आणि तपासणी समितीसमोर त्याचं विच्छेदन व्हायचं होतं. ते नीट पार पडलं तर धोंडिरामला कायम करा, असं बाई समितीला सांगणार होत्या. वर्षानुवर्षं टेंपररी राहून तो मेटाकुटीला आला होता.

पक्षी हालेना, तसा त्याने तो उचलून ट्रेमध्ये ठेवला. पक्ष्याने हिरवा डोळा उघडून सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"अहो, पाणकावळ्याला पाण्यात कसले मारताय!" बाईंना हसू आवरेना. "प्राणवायू स्नायूंत साठवून ठेवतो तो. बुडी मारली की हृदयाचे ठोके मंद करतो आणि त्या साठ्यावर तग धरतो. तेच तर आज दाखवायचंय. मान मोडा, चला. समिती जिन्यात आहे."

"मॅडम, ह्येला सोडला तर..."

"मग त्यांना काय दाखवू? तुमचं तोंड?" आता त्या हसत नव्हत्या.

जिन्यात बूट वाजत होते. धोंडिरामच्या पंजाखाली ठोके लागत होते, आधी सावकाश, मग भराभर. हवा मिळाली म्हणजे आपण सुटलो, असं त्या मुक्या जिवाला वाटलं असावं. धोंडिरामला स्वतःची भयंकर लाज वाटली. तरी त्याने मान मोडली.

समिती आणि वर्गासमोर बाईंनी पक्ष्याची छाती उघडून गडद तांबडं मांस चिमट्याने उचललं. "हा रंग प्राणवायू धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा. यात अजून साठा शिल्लक असेल." विद्यार्थ्यांनी ते लिहून घेतलं.

"अजून किती जगला असता, मॅडम?" धोंडिरामने विचारलं. सगळा वर्ग वळून बघायला लागला. शिपाई कधी प्रश्न विचारत नसे. बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

समितीचे साहेब खूश होते. "हेच ना तुमचे धोंडिराम? झालात बरं का कायम!" म्हणत त्यांनी हात पुढे केला. आजवर कुठल्याही साहेबाने त्याच्यापुढे असा हात केला नव्हता.

धोंडिरामने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि नुसती मान लववली.