फाटक्या कानाचा बैल

माझी अख्खी हयात बादशहाच्या गोठ्यात गेली. पागेतले लोक आम्हाला शेणकरी म्हणून चिडवायचे. म्हणू देत. माझा बैल ज्या दारात उभा राही, त्या दारात पुढे काय व्हायचंय ते मला त्यांच्या सेनापतीच्याही आधी ठाऊक असे.

आमच्याकडचा रिवाज सांगतो. महाप्रधान आजारी पडला की बादशहा त्याला एक पोसलेला बैल, दहा रांजण उंची मद्य आणि एक मोहोरबंद पत्र पाठवतो. खा, पी, बरा हो. आणि महाप्रधान नकोसा झाला, नदी फुटली, आकाशात काही अभद्र दिसलं नि खापर फोडायला एखादं डोकं हवं झालं, तरी बादशहा एक पोसलेला बैल, दहा रांजण मद्य आणि मोहोरबंद पत्रच पाठवतो. दूत दोन्ही वेळेला तेवढंच बोलतो, "महाराजांना आपली आठवण आहे." आणि मागे फिरतो. पहिल्या वेळी घरचे हसत पत्र फोडतात. दुसऱ्या वेळी महाप्रधानाने काय करायचं तेही ठरलेलं आहे. दूत अर्ध्या वाटेवर, वेई नदीच्या पुलापाशी पोचेतो 'तब्येत बिघडली' असा निरोप धाडायचा आणि राजधानी छांगआनचे दरवाजे मिटायच्या आत मरायचं. मेला की घर शाबूत राहतं, थोरल्याला जहागीर मिळते, खुद्द बादशहा मयताला येऊन रडतो. नाही मेला, तर दुसऱ्या दिवशी पूर्वेच्या बाजारात बापापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांची मुंडकी उडतात.

मग पत्र उघडून खात्री का करत नाहीत, असं तुम्ही विचाराल. तिथेच तर गोम आहे. पत्र उघडणं म्हणजे माझा गुन्हा काय ते विचारणं, आणि ते विचारलं की कारकुनांपुढे हात जोडून खुलासे देणं आलं. खानदानी महाप्रधान असलं काही करत नाही. दिवस वाईट असले, की पत्र तबकात तसंच ठेवून तो मरतो. सभ्यपणाचं इतकं वेड मी बैलात कधी पाहिलं नाही.

गोठ्यात मात्र फरक असतो. मरणाऱ्याकडे जाणारा बैल पुढे त्याच्याच मयतात पितरांना बळी जातो, म्हणून त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा चालत नाही. आजाऱ्याकडचा बैल नुसता रश्शात जायचा असतो, तो कसलाही चालतो.

त्या वर्षी महाप्रधान होते लुआन चोंग. वय सत्तरीपुढे, महिनाभर खोकत होते. पण खोकल्याकडे लक्ष होतं कुणाचं? मंगळ ज्येष्ठा नक्षत्रापाशी येऊन अडून बसला होता आणि जोशी लोक कुजबुजत होते की हे बादशहाच्या जिवावरचं आहे, कुणी मोठ्या माणसाने अंगावर घेतलं तरच टळेल. मोठा माणूस म्हणजे कोण, हे भाजीवालीलाही कळत होतं. अशात एका सकाळी आमचा गोठेमुकादम लाकडी चिठ्ठी घेऊन आला नि म्हणाला, "लुआनांकडे जायचंय. फाटक्या कानाचा सोड."

त्या बैलाचा डावा कान तो वासरू असताना कुत्र्याने फाडला होता. म्हणजे बादशहाला म्हाताऱ्याचा खोकलाच बरा करायचा होता. हे मला कळलं, मुकादमाला कळलं. मुकादम गोठ्यातच राहिला.

बैलाबरोबर आलेला गुराखी बैल कापेपर्यंत त्याच घरी राहतो. मी बैल लुआनांच्या अंगणातल्या बोरीच्या झाडाला बांधला. दूत ते एक वाक्य बोलून गेला. समोर दिवाणखान्याची दारं सताड उघडी होती, त्यामुळे मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

मग थोरला मुलगा लुआन हुई चाकराला म्हणाला, "पुलावर माणूस पाठव. म्हणावं, धन्यांची तब्येत एकाएकी बिघडली."

"एकाएकी कुठे? महिना झाला बिघडून," महाप्रधान खोकत म्हणाले. "हुई, मी खरोखरच आजारी आहे रे. कदाचित महाराजांनी..." आणि त्यांचा हात तबकाकडे गेला.

"बाबा." हुईने तबक हळूच मागे ओढलं. "क्वाई प्रधानांनी पत्र उघडलं होतं."

"क्वाई मूर्ख होता."

"तेव्हा आपण भरदरबारात काय म्हणाला होता, आठवतं?"

धाकटा मुलगा कोपऱ्यातून म्हणाला, "आपण म्हणाला होता, क्वाईने भाजी घ्यायला आल्यासारखी मरणाचीही घासाघीस केली. सगळा दरबार हसला होता, बाबा. आम्हीही हसलो होतो."

"क्वाईंच्या घरची एकोणतीस माणसं गेली," हुई म्हणाला. "आपण चौतीस आहोत."

"मला उद्या महाराजांना भेटू द्या. चाळीस वर्षं चाकरी केली मी. एवढं तर..."

"उद्या नाही बाबा आपल्याकडे."

मग हुईची बायको नातवंडांना घेऊन आली. उंचीप्रमाणे रांग लावून तिने त्यांना आजोबांसमोर कपाळं टेकायला लावली. सर्वांत धाकटीला हे काय ते कळेना, ती तशीच ओणवी राहून बोटाने चटईच्या काड्या उपसत बसली.

"पोरांना आत ने गं," म्हातारा म्हणाला.

"राहू द्या ना, मामंजी. आपल्याला डोळे भरून पाहू द्या त्यांना." इतक्या गोड आवाजात मी कुणाला सुरी फिरवताना ऐकलेलं नाही.

खरं सांगतो, मी बोलणार होतो. हुईने बचनागाचं विषारी मूळ कुटायला सांगितलं आणि खलबत्त्याचा आवाज यायला लागला, तेव्हा उठून एवढंच म्हणायचं होतं, 'धनी, बैलाचा कान बघा.' मी दावं खाली ठेवलंसुद्धा.

तेवढ्यात महाप्रधानांची बायको अंगणात आली. डोळे सुजलेले, पण हातात माझ्यासाठी बाजरीच्या गरम पेजेचं वाडगं, वर कांद्याची पात. ती म्हणाली, "सकाळपासून उपाशी असशील, बाबा. खाऊन घे. आज या घरात दुसरं कुणी जेवणार नाही."

मी वाडगं घेतलं. बाई चांगली होती, ते मी आजही नाकारत नाही. तिने बैलाच्या मानेवरून हात फिरवला, उजव्या बाजूने.

"आमच्या धन्यांचा बैलांवर फार जीव," ती म्हणाली. "तुला ती गोष्ट ठाऊक असेल. सगळं छांगआन सांगतं."

"कुठली, बाईसाहेब?"

"अरे, मिठाचे हमाल बाजारवेशीत एकमेकांना भोसकत होते. रस्ताभर माणसं पडलेली. ह्यांची गाडी त्यांच्यामधून गेली, ह्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही! आणि पुढे एक बैल जीभ काढून धापताना दिसला तशी गाडी थांबवली. ऐन वसंतात बैल धापतोय म्हणजे ऋतू तर चुकला नाही? किती कोस आला, कुणी हाकला, सगळं विचारलं. भांडणं कोतवालाने बघावी. महाप्रधानाने ऋतू बघायचे. एवढी दृष्टी कुणाला असते?" तिच्या रडक्या चेहऱ्यावर अभिमान फुलला होता.

"नसते," मी म्हणालो.

तो बैल माझा होता. रस्त्यात पडलेल्यांत माझा भाऊ बाओ होता. तो हमाल नव्हता, भांडत नव्हता. आमच्या गाडीचं रुतलेलं चाक वर काढायला खाली उतरला नि कुणाचा तरी सुरा त्याच्या पोटात गेला. मी त्याच्याकडे धावणार, तोच महाप्रधानांची गाडी थांबली. महाप्रधान विचारत असताना हलणाऱ्याचे पाय तोडतात. मी दावं धरून उभा राहिलो आणि सांगत राहिलो, नऊ कोस आलो धनी, पळवत आणला धनी, ऋतूचा दोष नाही धनी. म्हातारा खूश झाला. चाकराला म्हणाला, "बैलाला पाणी दाखवा." बादली आली. दहा पावलांवरून बाओ 'पाणी, पाणी' म्हणत होता. बैलाने बादली संपवली तोवर तो म्हणायचा थांबला. बैलांविषयी चोख उत्तरं देतो म्हणून मला बादशहाच्या गोठ्यात नोकरी लागली, तीही लुआन चोंग यांच्याच शिफारशीने. त्यांचं मीठ मी वीस वर्षं खाल्लं आणि एकही घास गोड लागला नाही.

बाई आत गेली. मी पेज संपवली आणि मूग गिळून बसलो.

म्हाताऱ्याला मरायचं नव्हतं. आधी म्हणाला अंघोळ करतो. मग दरबारी झगा हवा. मग टोपीच्या नाड्या जुन्या झाल्यात, नव्या लावा. प्रत्येक वेळी मुलं 'होय बाबा' म्हणत आणि बाहेरच्या उन्हाकडे बघत. पुलावरून दूत केव्हाच पुढे गेला होता.

न्हाणीघर अंगणापलीकडे होतं. अंघोळ करून तो दोघांच्या आधाराने परतला तो माझ्या बैलाला खेटून. तेव्हा मी एक गोष्ट केली. दावं आखडून बैलाचं तोंड वळवलं आणि तो फाटका कान बरोबर त्याच्या डोळ्यांपुढे आणला. बळीच्या बैलांची पारख करणाऱ्या खात्याचा तो दहा वर्षं मुख्य होता. व्यंगाचा बैल मयताला चालत नाही हे त्याला मी सांगायची गरजच नव्हती. मनात म्हटलं, बघ म्हाताऱ्या. त्या दिवशी बघितलास तसा आजही बैल बघ. एकदा बघ नि जग.

बैल फुरफुरला. म्हाताऱ्याच्या ओल्या बाहीवर शिंतोडे उडाले. त्याने बाही झटकली आणि समोर बघत आत गेला.

दरवाजे मिटायचा पहिला ढोल वाजला, तेव्हा त्याने कोमट पेज मागितली. "बाबा, ढोल," हुई म्हणाला. "दोन घास तर खाऊ द्या रे," म्हातारा म्हणाला. मग हुईने त्याची मान एका हाताने मागे धरली, दुसऱ्या हाताने पेला लावला. धाकट्याने हात धरले. सुना भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. सगळं संपायला तिसरा ढोल झाला, आणि तेवढा वेळ हुई रडत रडत "क्षमा करा, बाबा" म्हणत होता. मला वाटलं होतं, मला आनंद होईल. झालाही. पण थोडाच झाला, आणि तो फार वेळ टिकला नाही.

तिसऱ्या दिवशी बादशहाचा दूत दुखवट्याचं रेशीम घेऊन आला आणि त्याने तबकातलं पत्र तसंच पाहिलं. त्याने ते फोडून मोठ्याने वाचलं. 'खोकल्याला मधातून सुंठ घ्या. गारठ्यात बाहेर पडू नका. लोक त्या ताऱ्याविषयी काहीबाही बोलतील, मनावर घेऊ नका. तुमच्यावाचून माझं चालायचं नाही.' बैल गेला नि झोपा केला, म्हणतात ते हेच. हुई जिथे उभा होता तिथे खाली बसला.

बादशहा रडला, असं ऐकलं. पण तारा सरकला होता आणि महाप्रधान गेलेला होता. जोशांनी दोन्ही गोष्टी एकत्र बांधून त्याच्या पुढ्यात ठेवल्या, तसा तो शांत झाला. दरबारात कुणीतरी म्हणालं, सुंठीवाचून खोकला गेला. मात्र पेला कुणी लावला ते चाकरांकडून बाहेर आलं, आणि बापाला मारणाऱ्या मुलाला आमच्या कायद्यात क्षमा नाही. दोन्ही मुलांना पूर्वेच्या बाजारात नेलं, सुना-नातवंडांना सरकारी मागावर विणायला धाडलं.

बैल बळीला चालेना, म्हणून मी त्याला परत न्यायला दावं सोडलं. अंगणात बाई एकटीच बसली होती. शिपाई तिला न्यायला यायचे होते. बैल वळला आणि डावी बाजू तिच्याकडे आली. ती त्या कानाकडे पाहत राहिली. पुष्कळ वर्षं महाप्रधानाच्या घरात काढलेली बाई. तिला समजायला वेळ लागला नाही.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मला कुणी विचारलं नाही, बाईसाहेब. बैलांची चौकशी तुमच्याकडे धनी करायचे ना?"

ती शिवी देईल, थुंकेल, म्हणून मी तयार उभा होतो.

"धापतोय बघ तो," ती म्हणाली. "इतके दिवस उन्हात बांधलाय. त्याला पाणी दाखव."

ती स्वतःच उठली, विहिरीवरून बादली भरून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. मी दावं धरून उभा राहिलो. बैल पोटभर प्यायला.