बिनकाठाचं कापड

मागावरचं भडक नारिंगी कापड ईरप्पाने हातात घेतलं आणि माग बंद केला.

"बिनकाठाचं मी विणणार न्हाय," तो म्हणाला.

अक्कलकोट रोडवरच्या त्या कारखान्यातून आजवर ढिगाने चादरी गेल्या, पण ईरप्पाच्या मागावरून काठाशिवाय एकही नाही. त्याच्या घरात बिनकाठाचं कापड फक्त मढ्यावर घालायचे. आणि हे कापड जाणार होतं फौजेत, जिथे त्याचा शिवू होता. लेकाच्या अंगाशी असलं कापड कुठला बाप जाऊ देईल?

मालक गुरुशांतने कपाळाला हात लावला. पहिल्या नमुन्याला ईरप्पाने गुपचूप रुंद काळा काठ घातला होता आणि तो नमुना फौजेकडून परत आला होता.

"अण्णा, हे पांघरायचं न्हाय," गुरुशांतने समजावलं. "जवान पुढं सरकले की हे जमिनीवर पसरत्यात. वरनं आपलीच विमानं येत्यात. नारिंगी दिसलं की वैमानिकाला कळतंय, हितं आपली माणसं हायत, बाँब पुढं टाकायचा. काळ्या काठानं रंग तुटतोय. त्याला दिसलंच न्हाय तर?"

आपला काठ लांबून डोळ्यांत भरावा म्हणून ईरप्पा जन्मभर खपला, आणि आता तोच काठ पोराच्या जिवावर उठला होता. काठ घालावा तरी भीती, न घालावा तरी भीती. इकडे आड, तिकडे विहीर. दुपारी त्याने डबासुद्धा उघडला नाही.

जेवणाची सुट्टी संपल्यावर त्याने मागावरची नक्षी बदलली आणि काठ विणला, पण नारिंगीतच नारिंगी, नुसता विणीत उठलेला. गुरुशांतने तो तुकडा आवारात पसरला आणि गच्चीवर जाऊन पाहिला. सगळं एकरंगी.

"काठ कुटं हाय, अण्णा?"

"खाली येऊन हात लावा की."

नमुना पास झाला, माल गेला. पुढे थंडीत वाळवंटातल्या सरावावरून शिवूचा फोन आला.

"अप्पा, आज खरे बाँब होते. विमानं डोक्यावरनं गेली आन् पार पुढं टाकले. मी कापडाचं टोक धरून पालथा पडलो होतो. लई भ्यालो. टोकाला काठ लागला हाताला. आपलाच हाय न्हवं?"

"व्हय," ईरप्पा म्हणाला.

फोन ठेवून त्याने माग सुरू केला. त्या खडखडाटात रडलेलं कुणाला ऐकू जात नाही.