सूरताईंच्या मिस्टरांनी गीत उचललं

नळदुरुस्ती करणाऱ्या त्या माणसाला स्वतःचं असं नाव चर्चमध्ये उरलंच नव्हतं. वीस वर्षं तो ‘सूरताईंचे मिस्टर’ होता, आणि त्यात त्याची काहीच तक्रार नव्हती. सूरताई म्हणजे त्याची बायको. चर्चच्या पेटीचा भाता फार पूर्वी उंदरांनी खाल्ला होता. नवी पेटी घ्यायची की जुनीच दुरुस्त करायची यावर मंडळीत अजूनही चर्चा चालू होती, आणि चर्चा म्हटली की आपली मंडळी कुणाला हार जात नाहीत. तोवर पहिल्या बाकावरून सूरताई पहिली ओळ म्हणायची आणि मागून सगळे गायचे. याला ते ‘गीत उचलणं’ म्हणत. नियम एकच, जुन्या पाळकसाहेबांनी घालून दिलेला: उचललेलं गीत मध्येच खाली ठेवायचं नाही.

मग सूरताईच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधीच होती, पण ती काढताना आवाजाच्या नसेला धक्का लागला. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, गाणं मात्र विसरा. असं सांगतात जसं काही भेंडी विसरा, वांगी घ्या.

तेव्हापासून सूरताई चर्चची पायरी चढली नव्हती. रविवारी सकाळी ती मुद्दाम कपाटं आवरायला काढायची. घरात तीनच कपाटं, दोन महिन्यांत ती इतकी आवरून झाली होती की काही केल्या काही सापडत नव्हतं.

“मुकी बसू का तिथे?” ती घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणायची. “देवाला द्यायला माझ्याकडे तेवढं एकच होतं. त्यानंच काढून घेतलं. आता कशाला जाऊ?”

मग तो एकटाच जायचा. खरं तर आधी तो बायकोमागून जायचा आणि प्रवचनात छान डुलकी काढायचा. पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी प्रार्थनेत तिचं नाव घेतलं, सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि त्याच्या छातीवरचं ओझं कुणीतरी दुसऱ्या बाजूनं उचलून धरल्यासारखं झालं. त्या दिवशी तो घरी येऊन पोटभर जेवला. हे तिला मिळायला हवं, एवढंच त्याला कळत होतं. कारण ती जेवत नव्हती, भांडत नव्हती, त्याच्या मळक्या बुटांवरून बोलतही नव्हती, आणि अशी बायको घरात असणं म्हणजे घरात कुणी नसणंच.

त्यानं इतका पिच्छा पुरवला की एका सोमवारी ती वैतागली. “येईन. पण त्या दिवशी गीत तुम्ही उचलायचं.”

तिला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. या माणसाचा आणि सुराचा उभा दावा होता.

“बरं,” तो म्हणाला.

आठवडाभर त्यानं रियाज केला. कुठे? तर गिऱ्हाइकांच्या बाथरूममध्ये. नळ उघडून बसायचं, वॉशर बदलायचा आणि गायचं. फरशी बसवलेल्या बंद खोलीत कुणाचाही आवाज गोड लागतो, गाढवाचाही लागेल, पण हे त्याला कोण सांगणार? एका बाईंनी दारावर टकटक केली. “पाइपातून आवाज येतोय का हो?” “नाही बाई, मीच आहे,” तो म्हणाला. बाथरूममध्ये वरची पट्टी जास्त घुमते, म्हणून त्यानं तीच पक्की केली.

रविवार उजाडला. शब्द दिला म्हणून सूरताई आली, पण दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसली, पळ काढायला सोयीचं म्हणून. तो पुढे उभा राहिला. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, भक्तीनं की भीतीनं, त्यांनाच ठाऊक.

गीत वादळात सापडलेल्या होडीचं, सात कडव्यांचं. त्यानं दणकून पहिली ओळ म्हटली आणि मंडळीचे डोळे पांढरे झाले. इतक्या वर कुणी कधी गेलंच नव्हतं. पण उचललेलं गीत ठेवायचं कसं? सगळे निमूट मागे निघाले. पहिल्या कडव्यात म्हातारी माणसं गळाली. दुसऱ्यात बायका. लालबुंद झालेला बेकरीवाला तिसऱ्यात खोकत खाली बसला. चौथ्याला तो आणि शाळेतल्या जुन्या मास्तरीणबाई एवढेच उरले, आणि शेवटच्या ओळीला बाईंनीही चष्मा काढून हात टेकले.

पाचवं कडवं त्यानं एकट्यानं सुरू केलं. होडीत पाणी शिरतं, ते कडवं. पाणी उपसणारे दमतात, तिथे त्याचा आवाज चिरकला. आणि दोन महिने जे रडू त्यानं बायकोपासून, डॉक्टरांपासून, स्वतःपासूनही लपवलं होतं, ते सगळ्या मंडळीसमोर बाहेर आलं. तो तोंड उघडायचा, शब्द येईना.

शेवटच्या बाकावरून सूरताई उठली. दाराकडे नाही, पुढे निघाली. बाकांच्या मधोमध येऊन थांबली आणि बेकरीवाल्याकडे बघून तिनं तळहात खाली आणला. त्यानं घाबरत घाबरत एक सूर काढला. अजून खाली, हातानं सांगितलं. अजून थोडं. मग तिनं मान हलवली, आणि पाचवं कडवं पुन्हा सुरू झालं. आधी बेकरीवाला, मग मास्तरीणबाई, मग दोन्हीकडचे बाक एकदम. म्हातारी माणसं परत आली. बायका परत आल्या. सहावं झालं, सातवं झालं. ती मध्ये उभी होती, ओठ मिटून, आणि गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

गीत संपल्यावर ती शेवटच्या बाकावर परत गेली नाही. तिथेच मधल्या बाकावर बेकरीवाल्याच्या बायकोला जरा सरकायला लावून बसली. नवराही रुमालात नाक शिंकरत तिच्या शेजारी येऊन बसला.

“फार वाईट गायलो का गं?”

“फारच,” ती कुजबुजली. “पुन्हा नका गाऊ.” मग जरा थांबून म्हणाली, “अहो, हे लोक इतकं चांगलं गातात, मला माहीतच नव्हतं. मला कायम माझाच आवाज ऐकू यायचा.”

त्यानं तिचा हात धरला. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. आजारी माणसांची नावं घेतली, त्यात तिचंही घेतलं, आणि या वेळी ते ऐकायला ती स्वतः तिथे होती. तिची बोटं त्याच्या हातात घट्ट झाली.

मंडळी ‘आमेन’ म्हणाली आणि डोळे उघडून पुस्तकं चाळू लागली. मग, सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, मधल्या बाकावरून घोगरं, फाटकं, पण चांगलं खणखणीत आणखी एक ‘आमेन’ आलं. सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि सूरताईनं मान खाली घातली नाही.