मूळ खोली

चारुताला तिच्या सॉफ्टवेअर कंपनीने बोईसरच्या कोल्ड स्टोरेजवर पाठवलं होतं ते फक्त तापमानाच्या पॅनेलच्या स्क्रीनला पासवर्ड बसवायला. आदल्या आठवड्यात तिथल्या चिकूच्या दोन्ही खोल्या गोठायला आल्या होत्या. जवळच्याच माहीमच्या बागायतदारांचा माल असा गारठला की बाहेर काढल्यावरही पिकेना. मॅनेजर हेतलबेनच्या मते दोष उघड होता. त्या दिवशी पॅनेलवर अंकुश होता आणि त्याने भलत्याच खोलीचं तापमान बदललं. त्याला तिथून काढून क्रेट उचलायला लावलं होतं.

चारुताने आधी अंकुशला गाठलं. तो जव्हारकडचा, जेमतेम बावीस वर्षांचा. मान खाली घालूनच बोलला, पण अडखळला नाही.

"ताई, मी पॅनेलवर मासळीचीच खोली उगडली व्हती. चिकूला हात पन नाय लावला."

मासळीची खोली नवीन होती, त्याच आठवड्यात सुरू झालेली. तिला उणे अठरा अंश लागतं, चिकूला चौदा. त्याआधी सगळ्या खोल्यांत चिकूच असे. चारुताच्या डोक्यात तिथेच काहीतरी हललं. पासवर्डचं काम बाजूला ठेवून ती ऑफिसात परतली आणि तिने जुना कोड उघडला.

तो शैलेशसरांनी, म्हणजे तिच्या कंपनीच्या मालकांनी, स्वतः लिहिलेला होता. त्यात आधी एक मूळ खोली होती आणि बाकीच्या खोल्या तिच्यावरून बनवलेल्या. एखाद्या खोलीपाशी जे नसेल ते ती मूळ खोलीकडून घेई. खोलीला नाव दिलं की ते तिचं स्वतःचं होई. तापमान मात्र सेटिंग नावाच्या एका ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे नोंदींच्या कप्प्यात होतं आणि ते ऑब्जेक्ट मूळ खोलीपाशी एकच. मासळीच्या खोलीतून त्यात उणे अठरा लिहिलं की चिकूच्या खोल्यांनाही तेच दिसणार. अलार्म वाजला नाही, कारण अलार्मही तोच आकडा बघत होता.

तिने लॅपटॉपवर दोन खोट्या खोल्या बनवल्या, एकीचं तापमान बदललं, दुसरीचं स्क्रीनवर काढून पाहिलं. उणे अठरा.

शैलेशसरांनी ते दोनदा करून पाहिलं. मग म्हणाले, सगळं क्लास नावाची नवी पद्धत वापरून नव्याने लिहू, आणि हेतलबेनना सांगू की नवीन व्हर्जन आलंय.

"सर, या भाषेत क्लासच्या खालीही प्रोटोटाइपच असतो, म्हणजे अशी मूळ खोलीच," चारुता म्हणाली. "खोली बनवताना तिला तिचं स्वतःचं सेटिंग द्यायचं, एका ओळीचं काम आहे. ते मी आज करते. पण अंकुशची चूक नव्हती, हे आपण सांगायलाच हवं."

माल नासल्याचं सगळं आपल्यावर येईल, हे सरांनी बोलून दाखवलं. चारुताने ते नाकारलं नाही. पण त्या माणसाला उद्याही क्रेटच उचलावे लागतील, एवढंच ती म्हणाली. सरांनी गाडीची किल्ली उचलली.

कोल्ड स्टोरेजवर चारुताने यंत्रांची जोडणी बंद करून हेतलबेनना जुना प्रोग्राम चालवून दाखवला, मग दुरुस्त केलेला, आणि तोच यंत्रांना जोडून दिला. सर स्वतःहून म्हणाले, "कोड माझा आहे. चूकही माझी." नुकसानीचं काय ते बागायतदारांसमोर बसून ठरवू, असंही त्यांनी सांगितलं. हेतलबेन रागावल्या, आणि त्यांनी तो राग लपवला नाही. पण त्यांनी अंकुशला सगळ्यांसमोर बोलावलं, आपण उगाच त्याला दोष दिला असं सांगितलं, आणि पॅनेल पुन्हा त्याच्याकडे दिलं.

अंकुशने विचारलं, नक्की झालं काय होतं? चारुताने त्याला समजावलं. खोल्या वेगळ्या होत्या, पण तापमान सगळ्यांचं मिळून एकच लिहून ठेवलेलं होतं.

"आनि आता?"

"आता जिचं तिच्यापाशी."

त्याने मासळीच्या खोलीत उणे अठरा टाकलं. चिकूच्या खोलीसमोर चौदाच दिसत होतं. तरी तो उठला, चिकूच्या खोलीचं जाड दार ओढून आत गेला आणि थोड्या वेळाने बाहेर आला.

"बरोबर हाय," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला.