ठेका तुटता कामा नये

पोस्टमनकाका पडले ते गाणं संपल्यावर.

कंपवाताने त्यांच्या पावलांना सहा वर्षांपूर्वी कुलूप घातलं होतं. घरी खुर्चीपासून दारापर्यंत जायला त्यांना पाच मिनिटं लागत. पण दवाखान्याच्या लांब दालनात ठसठशीत ठेक्याचं गाणं लागलं, की तेच काका पत्रांची पिशवी खांद्याला असल्यासारखे चालू लागत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी दहाला नऊ जणांचा हा वर्ग व्यायामबाई घेत. बाईंच्या दारावरच्या पाटीवर ‘फिजिओथेरपिस्ट’ असं होतं. पण तो शब्द म्हणेपर्यंत माणूस दालनाच्या दुसऱ्या टोकाला पोचतो, असं काकांचं म्हणणं. म्हणून ‘व्यायामबाई’ हे बारसं त्यांनीच केलेलं.

त्या शुक्रवारी एक गाणं संपलं आणि दुसरं सुरू व्हायला तीन सेकंद गेले. बाकीच्या आठ जणांनी भिंतीचा दांडा धरला. काका नेमके दालनाच्या मधोमध होते. पाय फरशीला चिकटले, अंग मात्र पुढे गेलं. मनगट मोडलं.

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी बाईंना बोलावून घेतलं. “गाणी बंद करा. साधं चालवा त्यांना.”

“ते गाण्यामुळे नाही पडले, डॉक्टर. गाणं थांबल्यामुळे पडले.”

“मग न थांबणारं गाणं आहे तुमच्याकडे?”

“आज नाही. तीन आठवडे द्या.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “दिले. पण तोवर वर्ग बंद.”

बाईंनी आधी सोपे उपाय केले नव्हते असं नाही. नुसतं टकटक वाजणारं यंत्र लावलं, तर माणसं चालत, पण शिक्षा भोगत असल्यासारखी. गाण्यावर गाणं आपोआप चढवणारी मोबाइलमधली सोय वापरली, तर दोन ठेक्यांची अशी झोंबाझोंबी झाली की एका आजींचे पाय एकमेकांत अडकता अडकता वाचले. आता राहिला एकच माणूस. धाकटा दीर.

दीर पार्ट्यांमध्ये गाणी वाजवायचा. घरात त्याच्या कामाला कोणी काम म्हणत नसे, खुद्द बाई एकदा भरल्या पानावर बोलून गेल्या होत्या, “बटणं फिरवायला काय अक्कल लागते?” त्यामुळे रविवारी त्याच्या खोलीचं दार वाजवताना त्यांना जरा जडच गेलं.

“भावजी, मला ती बटणं शिकवा.”

“अक्कल लागत नाही त्याला, वहिनी.”

“लागते. तेव्हा मी चुकीचं बोलले. आता सरकता का बाजूला?”

दीर हसला आणि सरकला. काकांची हकीकत ऐकल्यावर मात्र त्याचं हसू गेलं. “मी तासाभराची गाणी एकसलग जोडून देतो की! तू फक्त लाव.”

“आणि मधेच कोणी दमलं तर? मला त्यांच्या पायांकडे बघून ठरवायचंय, कुठलं गाणं लांबवायचं आणि कधी वेग उतरवायचा.”

लॅपटॉपच्या, बोटांच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यावर डावीकडे एक गाणं, उजवीकडे दुसरं. प्रत्येकाची आवाजाची उभी पट्टी वेगळी. तिच्या डोक्यावर तीन गोल बटणं, बारीक, मधल्या आणि जाड सुरांची. खाली मधोमध एक आडवी पट्टी: डावीकडे ओढली की फक्त डावं गाणं ऐकू येणार, उजवीकडे ओढली की फक्त उजवं, मधे ठेवली की दोन्ही.

“पुढचं गाणं आधी हेडफोनवर एकटीने ऐकायचं,” दीर सांगू लागला. “वेग जुळव. आठपर्यंत मोज, आणि बरोब्बर एकवर सोड.”

बाईंनी सोडलं. खोलीत चिखल कालवल्यासारखा आवाज झाला.

“ठेका तर जुळला होता!”

“जुळला. पण दोघांचे ढोल एकदम घुमतायत. एका म्यानात दोन तलवारी राहतील का? येणाऱ्याचा जाड सूर आधी उतरवून ठेव. ठेका बसला की जाणाऱ्याचा उतरव, येणाऱ्याचा चढव. दोन्ही हात एकाच वेळी.”

चाळीस वर्षं उजव्या हाताने जगलेल्या बाईंचा डावा हात ऐकायलाच तयार नव्हता. उजवा वर गेला की तोही वर जायचा. बाईंनी रोज पहाटे पाचला उठून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून त्याला वळण लावायला घेतलं. हजार रुग्णांच्या हातांना त्यांनी हेच शिकवलं होतं. आता स्वतःच्या हाताचे लाड करायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं. पहिल्या आठवड्यात दहातले दोन बदल जमले. दुसऱ्यात सहा.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी दिराला डोळे मिटून व्हरांड्यात चालायला लावलं. “तुमचं पाऊल अडखळलं, की माझी चूक.”

“वहिनी, पाय मोडले माझे! पार्टीत लोक नाचतात, मी बसून असतो.”

“अजून पाच बदल. चला.”

त्या पाचात तो एकदाही अडखळला नाही.

सोमवारी दालनात नऊच्या नऊ जण हजर होते. पोस्टमनकाका प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून आले होते आणि खुर्चीत बसायला साफ नकार देत होते. बाईंनी मदतनीस बाईला त्यांच्या शेजारी चालायला सांगितलं. मोठे डॉक्टर दारात हाताची घडी घालून उभे राहिले.

पहिलं गाणं रंगलं. माणसं चालू लागली. बाईंनी दुसरं कानात ऐकलं, जुळवलं, एकवर सोडलं, त्याची उभी पट्टी चढवली, पहिल्याची उतरवली, आणि दालनात सामसूम झाली.

“एक! दोन! तीन! चार!” बाई टाळ्या वाजवत ओरडल्या. “मोजा सगळे!” आजींनी मोजायला घेतलं, मग काकांनी, मग सगळ्यांनी. मदतनीस बाईने काकांचं कोपर धरून ठेवली. तोंडाने मोजता मोजता बाईंची नजर पडद्यावर फिरली, आणि दिसलं: मधली आडवी पट्टी पार डावीकडेच राहिली होती. उजवं गाणं वाजत होतं, पण बंद दाराआड. त्यांनी पुढच्या ‘एक’ची वाट पाहिली आणि पट्टी मधे आणली. गाणं मोजणाऱ्यांच्या पायाखाली अलगद येऊन बसलं.

कोणी पडलं नाही.

बाई पाणी प्यायलाही थांबल्या नाहीत. तिसरं गाणं घेतलं. या वेळी आधी आडवी पट्टी पाहिली, मग बाकीचं. उजवा हात खाली, डावा वर. ढोलाने ढोलाला जागा दिली. नऊ जण चालत राहिले. चौथं. पाचवं. आजी दमलेल्या दिसल्या तेव्हा बाईंनी वेग हलकेच उतरवला, आणि दालनभर पावलंही तशीच सैलावली.

वर्ग संपल्यावर डॉक्टर जवळ आले. “ते मघाशी काय झालं?”

“मधली पट्टी सरकवायची राहिली. चूक माझी. पुन्हा होणार नाही असं म्हणणार नाही. झाली तर काय करायचं ते आता सगळ्यांना ठाऊक आहे.”

डॉक्टरांनी नऊ जणांकडे पाहिलं. “काकांच्या शेजारी माणूस हवाच. या अटीवर चालू ठेवा.”

“गाणी मात्र भिकार होती,” काका खुर्चीत टेकत म्हणाले. “त्या चौथ्याला तर ना शेंडा ना बुडखा. थांबावं म्हटलं, तर पाय कुठे ऐकतायत!”

“बुधवारी तुमच्या आवडीची यादी आणा,” बाई म्हणाल्या आणि लॅपटॉप मिटता मिटता पुन्हा उघडून बसल्या. पहिला बदल त्यांना जेवणाआधी दहा वेळा करून पाहायचा होता.