'एस'च्या अलीकडे की पलीकडे

१९७५ साली मी हार्लशॉच्या नगरपालिकेत पाट्या रंगवायचो. मे महिन्यात चिटणीस थ्रेलफॉलसाहेबांकडून चिठ्ठी आली, जुन्या कापडगिरणीमागच्या मैदानावर पाटी हवी. मैदानाचं नाव गावात सगळ्यांच्या तोंडी होतं, पण लिहिलेलं कुठेच दिसत नव्हतं. आमच्या लँकशरमध्ये, म्हणजे उत्तर इंग्लंडात, पोरीला 'लॅस' म्हणतात. मैदान लॅसचं. एका लॅसचं की सगळ्या लॅसेसचं, हे ऐकून कळत नाही, इंग्रजीत दोन्हीचा उच्चार 'लॅसेस' असाच. फरक पडतो तो लिहिताना. एकीचं असेल तर एल-ए-एस-एस, मग अपोस्ट्रॉफी, मग एस. पुष्कळजणींचं असेल तर आधी अनेकवचनाचं ई-एस लागतं आणि अपोस्ट्रॉफी जाते पार शेवटी.

चिठ्ठीत एकीचं होतं. मी तेच रंगवलं.

पाटी फाटकावर ठोकत होतो तेवढ्यात खालून आवाज आला, "ए केन पिलिंग, ते शेपूट चुकीच्या जागी लावलंयस की रे."

नोरा एंटविसल. वय शहात्तर, हातात बटाट्यांची पिशवी. बाराव्या वर्षापासून मागावर उभी राहिलेली बाई.

"चिठ्ठीत असंच आहे, मिसेस एंटविसल."

"चिठ्ठी गेली चुलीत. कुणा एकीचं मैदान? सांग की."

"गिरणीमालकाच्या मुलीचं म्हणतात. मिस ऑगस्टा हारकोर्ट."

नोराने पिशवी खाली ठेवली. "ऑगस्टाने जन्मात एक दगड उचलला नाही. हा गिरणीचा उकिरडा होता. राख, विटांचे तुकडे, गंजलेले पत्रे. एकोणीस साली मालक म्हणाला, साफ करा आणि घ्या. चौदा पोरी होतो आम्ही. पाळी सुटली की फावडी घेऊन यायचो. पाच महिने! माझी नखं परत धड उगवली नाहीत, हे बघ." तिने बोटं माझ्याकडे वर करून धरली. "फुटबॉल खेळायचो आम्ही. पुढे फुटबॉल संघटनेने बायकांना मोठ्या मैदानांवर बंदी घातली, तेव्हा बाकी गावांतले संघ मोडले. आम्हाला कोण हाकलणार? मैदान आमचंच होतं."

मी शिडीवरून उतरलो. मला खरंच लाज वाटली होती.

नुसत्या नावाचा प्रश्न असता तर ती एवढी पेटली नसती. त्या वर्षी गावातल्या मुलींनी फुटबॉलचा संघ काढला होता आणि शनिवारी मैदान मागितलं होतं. मिस ऑगस्टाचा भाचा, रूपर्ट हारकोर्ट, याने नगरपालिकेला कळवलं की मैदान आत्याचं, तेव्हा तिथे कोण खेळणार हे आमचं घराणं ठरवणार. आणि घराण्याने पुरुषांच्या क्लबाला होकार दिला होता. पाटी लागली की त्याच्या म्हणण्यावर नगरपालिकेचं शिक्कामोर्तबच.

मी तिला थ्रेलफॉलसाहेबांकडे घेऊन गेलो. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, एकवचनी नामाला अपोस्ट्रॉफी आणि एस. शाळेत हेच शिकवतात."

"मी शाळेत कुठे टिकले साहेब! पण चौदा म्हणजे एक नव्हे, एवढं मला येतं."

"लेखी पुरावा आहे?"

"तुमच्याच तिजोरीत आहे. दस्तावर सही करायला मी याच इमारतीत आले होते. तुम्ही तेव्हा पाळण्यात असाल."

साहेबांचे कान लाल झाले. भाच्याच्या शब्दावर विसंबून त्यांनी तिजोरी उघडलीच नव्हती.

गुरुवारच्या सभेला नोरा एकटी आली नाही. चौदांपैकी चौघी हयात होत्या, चौघीही आल्या, एक तर चाकाच्या खुर्चीतून. मागे मुलींचा अख्खा संघ. रूपर्ट हारकोर्ट पुढच्या रांगेत पायावर पाय टाकून बसला होता. अध्यक्ष होत्या मिसेस ड्यूहर्स्ट, खाटकाच्या दुकानातल्या, नाकासमोर चालणाऱ्या. त्यांनी दस्त मागवला. थ्रेलफॉलसाहेबांनी लाल फीत सोडली आणि वाचलं. मैदानाचं नाव आलं, आणि ते ऐकून कुणालाच काही कळलं नाही.

हारकोर्ट हसला. "बघा, आत्याचंच."

"काय बघा?" मिसेस ड्यूहर्स्ट म्हणाल्या. "दोन्ही सारखंच ऐकू येतं. साहेब, स्पेलिंग सांगा. एकेक अक्षर."

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "एल. ए. एस. एस."

आता शेपूट आलं तर सगळं गेलं. मी नोराकडे पाहिलं. तिने शेजारणीचा हात घट्ट धरला होता.

साहेबांनी बोट पुढच्या अक्षरावर ठेवलं. मग म्हणाले, "ई."

मागून एका मुलीने अशी शीळ घातली की खिडक्या थरथरल्या. "एस," साहेब त्या गोंगाटात ओरडले, "आणि मग अपोस्ट्रॉफी! एसच्या नंतर!"

"अजून काही लिहिलंय?" मिसेस ड्यूहर्स्टनी हातोडा आपटत विचारलं.

"आहे. 'या गावातील मुलींच्या खेळासाठी, कायमचे.' खाली चौदाजणींची नावं. तिघींनी सहीऐवजी फुली मारलीय." साहेबांनी चष्मा काढला, नोरासमोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मिसेस एंटविसल, अनेकवचन आहे. चूक माझी."

"राहू दे बाळा," नोरा म्हणाली, "शिकशील."

हारकोर्ट कधी उठून गेला हे कुणी पाहिलंच नाही. ठराव एकमताने झाला. दुसऱ्या दिवशी मी जुनी अक्षरं खरवडून पाटी नव्याने रंगवली, तर बघायला निम्मं गाव. 'ई' काढताना टाळ्या, 'एस' काढताना टाळ्या, आणि शेवटी अपोस्ट्रॉफीचा एवढासा फटकारा मारला तर कुणीतरी टोपीच उडवली. आयुष्यात हजारभर पाट्या रंगवल्या असतील, टाळ्या मिळाल्या त्या एवढ्याच.

शनिवारी मुलींचा सामना शेजारच्या बर्डनशी झाला. क्लबातले पुरुष सुरुवातीला फाटकाबाहेर हाताची घडी घालून उभे होते, मध्यंतरापर्यंत आत येऊन ओरडायला लागले. चौघी म्हाताऱ्या रेषेलगत घोंगड्या पांघरून बसल्या आणि पंचाला अशा शिव्या घालत होत्या की पाद्रीबुवांनी जागा बदलली. आमच्या पोरींनी चार गोल केले, बर्डनच्यांनी एक.

चौथ्या गोलाला नोरा उठून उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि थेट मैदानातच शिरली. तिला बाहेर जा म्हणायची पंचाची छाती झाली नाही.