उणे सहा गुणांचं उत्तर

मित्रांनो, उत्तरांनाही वय असतं. माझं पाच वर्षं. शिवणकामाच्या एका ऑनलाइन मंचावर, एका पानाच्या अगदी तळाशी मी राहतो. तिथे प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर गुणांचा आकडा असतो; वाचणाऱ्याने वरचा बाण दाबला की तो वाढतो, खालचा दाबला की घटतो. माझ्या डोक्यावरच्या आकड्याची ही गोष्ट.

माझा जन्म दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत झाला. भिंतीला लागून सात शिलाई मशिनं उभी, एकाचं डोकं काढलेलं, एकाचा पट्टा लोंबकळतोय. ती दुरुस्त करणाऱ्या काकूंचा या कामात तीस वर्षांचा हात. नुसत्या आवाजावरून सांगायच्या, "सुई वाकलीय याची." आणि सुई वाकलेलीच निघायची. त्यांच्या सुनेने त्यांना मंचावर खातं उघडून दिलं, 'मशीनकाकू' या नावाने. खात्यावर गुण, एक. तो सगळ्यांनाच फुकट मिळतो.

त्या दिवशी एका शिंपीणताईने प्रश्न टाकला होता. शाळेचे साठ गणवेश सोमवारी द्यायचे, घरात एकच मशीन, आणि शिवणीच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा नुसता गुंता. काय करू?

चार मिनिटांत 'उस्ताद' हजर. बावीस हजार गुण! त्यांनी लिहिलं, गुंता खाली आहे म्हणजे दोष खालच्या दोऱ्याच्या बॉबिनचा; तिच्या डबीवरचा बारका स्क्रू आवळा. ऐकायला अगदी पटण्यासारखं. पन्नास जणांनी पटापट वरचा बाण दाबला. उस्तादांनी ते बावीस हजार मिळवले होते रंगसंगतीच्या प्रश्नांवर. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण गुण कशाचे आहेत, हे आकड्यावर कुठे लिहिलेलं असतं?

काकूंनी वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हे चुकलंय. स्क्रू आवळून बिचारीचं मशीन आणखी बिघडेल. वरचा दोरा नीट बसलेला नाही तिचा."

"मग त्यांच्या उत्तराखाली कमेंट टाका ना, आई," सून म्हणाली.

काकूंनी टाकायला घेतली. मंचाने अडवलं. कमेंटसाठी किमान पन्नास गुण हवेत.

"आणि उत्तर द्यायला गं?"

"उत्तराला अट नाही."

"कमाल आहे. चूक दाखवायला पन्नास लागतात आणि चूक करायला काहीच नाही."

मग काकूंनी एका मशिनावर मुद्दाम तसाच गुंता केला, तो सोडवला, पुन्हा केला, पुन्हा सोडवला, आणि नंतरच मला लिहिलं. त्यात तीन तास गेले. माझी पहिली ओळ होती, 'वरचं उत्तर चुकीचं आहे, स्क्रूला हात लावू नका.' पुढे सगळं रीतसर. कापड दाबून धरणारा पाय आधी वर उचला. वरचा दोरा पूर्ण काढून पुन्हा ओवा. पाय खाली असला की दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही, आणि गुंता मात्र खाली दिसतो.

मी मोठ्या ऐटीत मंचावर आलो. दोन मिनिटांत पहिला उणे! कुणीतरी लिहिलं, 'हे उत्तर नाही, टीका आहे. टीका कमेंटमध्ये करावी.' दुसऱ्याने लिहिलं, 'गुण एक, आणि निघाल्या उस्तादांना शिकवायला.' मग रांगच लागली. सहा जणांनी उणे दिलं, पण मशिनाबद्दल एकानेही एक शब्द लिहिला नाही.

उणे तीनच्या खाली गेलं की मंच उत्तराची घडी घालतो. वर पाटी लागते, 'कमी दर्जाचं उत्तर. पाहायचं असल्यास दाबा.' झालो मी बंद. काकूंनाही सूचना आली, यापुढे उत्तरं देता येणार नाहीत.

"काय म्हणतंय ते?"

"म्हणतंय, तुम्हाला अजून सराव हवा," सून हळूच म्हणाली.

काकू हसल्या नाहीत. "त्या पोरीने स्क्रू आवळला नसला म्हणजे मिळवली," एवढंच म्हणाल्या.

तिने आवळला होता. आता गुंता होताच, शिवाय दोरा दर चार टाक्यांनी तुटत होता. शनिवारी सकाळी ती परत आली, सगळी उत्तरं वाचून काढली आणि शेवटी नाइलाजाने मला उघडलं. अर्ध्या तासाने तिने माझा वरचा बाण दाबला. मंच म्हणाला, मत द्यायला पंधरा गुण हवेत. तिच्याकडे तीन. मग तिने वेगळं उत्तरच लिहिलं, 'स्क्रू होता तिथे परत आणला, दोरा काकूंनी सांगितला तसा ओवला. मशीन चाललं. ते बंद केलेलं उत्तर उघडा, प्लीज.' अकरा मिनिटांत ते काढून टाकलं गेलं. आभार मानणं हे उत्तर नव्हे, असा नियम आहे.

पण तेवढ्यात उस्तादांनी ते वाचलं होतं. माणूस सरळ. त्यांनी आपल्या उत्तराच्या माथ्यावर लिहिलं, 'मी चुकलो. मी रंगातला, मशिनातला नाही. मशीनकाकूंचं उत्तर बघा.' या प्रामाणिकपणाबद्दल त्यांना आणखी दोनशे गुण मिळाले. मला दोन. उणे सहाचा मी उणे चार झालो. घडी कायम.

मंगळवारी शिंपीणताईने आपल्या प्रश्नाखाली एक ओळ जोडली. सुनेने ती वाचून दाखवली, "आई, साठही गणवेश वेळेवर गेले."

"मग झालं तर," काकू म्हणाल्या आणि पुढच्या मशिनाचं झाकण काढायला लागल्या.

त्यांचं झालं. माझं झालं नाही. उणे चारवर राहायची मला आता सवय आहे. पण त्या सात मशिनांपाशी काकू रोज काहीतरी सोडवतात, आणि ते लिहायची परवानगी त्यांना आजही नाही. माझी ती सगळी भावंडं जन्मालाच आली नाहीत. गुंता घेऊन लोक येतात, शोधतात आणि तसेच निघून जातात.

म्हणून मित्रांनो, एवढं करा. घडी घातलेलं उत्तर दिसलं तर उघडा. बाण वरचा असो की खालचा, दाबण्याआधी पाय वर उचला, दोरा पुन्हा ओवा, चार टाके घालून बघा. मग दाबा खुशाल.